राग आहे का, असं विचारलं तर

डोळे मिटा बरं, मुलांनो, आणि माझ्याबरोबर चला. कल्पना करा, तुम्ही एका लाँड्रीत उभे आहात. समोर काउंटर, त्यावर मळक्या कपड्यांच्या पिशव्या. मागे घुमणारी यंत्रं, छताखाली टांगलेले कोट आणि पडदे. हवेत वाफ, नाकात साबणाचा उग्र वास. आणि कोपऱ्यात एक मोठा वाफेचा प्रेस. खाली गादी, वर तापलेलं लोखंडी झाकण. गादीवर शर्ट पसरायचा, यंत्राच्या दोन बाजूंची दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबायची, की झाकण धाडकन खाली येतं. दोन बटणं कशाला? जरा डोकं चालवा. दोन्ही हात बटणांवर असले, की एकही हात झाकणाखाली सापडत नाही. ज्यानं हे यंत्र बनवलं, त्यानं कामगाराच्या बोटांचा विचार केला होता.

आता कल्पना करा, त्यातल्या एका बटणात कुणीतरी पुठ्ठ्याची पाचर ठोकून ठेवली आहे. ते बटण कायम दाबलेलंच. म्हणजे काम एका हातानं होतं आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरता येतो. पाचर ठोकणाऱ्यानं हे कुणाला सांगितलेलं नाही. दुपारी दुसरा माणूस प्रेसवर येतो, एका हातानं कॉलर सरळ करतो आणि सहज दुसरा हात उरलेल्या बटणावर टेकवतो.

पाचर काकानं ठोकली. हात बाबांचा भाजला.

आता डोळे उघडा. ही गोष्ट रागाची आहे, आणि रागाकडे डोळे उघडे ठेवूनच बघायचं असतं.

त्या लाँड्रीवाल्याच्या मुलीला घरीदारी सगळे ठिणगी म्हणत. शाळेच्या हजेरीत तिचं नाव वेगळं होतं, पण राग असा नाकाच्या शेंड्यावर असायचा की ते नाव कुणाच्या लक्षातच राहत नसे. दुकानाच्या वरच त्यांचं घर होतं. बाबांच्या डाव्या हाताची तीन बोटं आता वळत नव्हती. गिऱ्हाईक आलं की ते तो हात खिशात घालत. ठिणगीला ते दिसायचं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पाचर कुणाची, हे घरात सगळ्यांना कळलं होतं. काका दवाखान्यात रडला होता. अगदी हुंदके देऊन. ठिणगीनं ते पाहिलं होतं आणि तिला वाटलं होतं, आता हा बाबांचे पाय धरेल, खरं काय ते बोलेल. पण पुढच्याच रविवारी काका चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते सगळ्यांना सांगायला, उभा राहिला. केस चापून बसवलेले, शर्ट कडक इस्त्रीचा. "यंत्र अचानक बिघडलं," तो म्हणाला, "पण प्रभूची कृपा, माझ्या दादाचा जीव वाचला." लोक "आमेन" म्हणाले. कुणी त्याच्या पाठीवर हात फिरवला. आईनं मान खाली घातली. बाबा खिडकीकडे बघत राहिले. ठिणगी बाबांकडे बघत होती. आता उठतील, मग उठतील. बाबा उठले नाहीत. मूग गिळून बसले.

घरी आल्यावर आईनं एकदाच सांगितलं, "घरातलं घरात. दोघा भावांचं दुकान आहे. पुन्हा हा विषय काढायचा नाही." झालं. विषयाला कुलूप.

पण ठिणगीच्या तोंडाला कुलूप लागलं, मनाला नाही. झोपण्याआधी ती गुडघे टेकायची आणि म्हणायची, "देवा, काकाचा पण हात भाजू दे. तसाच. तेवढाच." काही दिवस ती रोज हेच मागत होती. मग एकदा काका खरोखर प्रेसजवळ उभा असताना ती एकदम घाबरली. देवानं ऐकलं तर? आणि देव असलं ऐकत असेल तर तो कसला देव? आणि असलं मागणारी मी तरी कसली? त्या दिवसापासून ती देवाशी बोलायचीच बंद झाली. पाठ केलेली प्रार्थना तेवढी म्हणायची, घडाघडा, एकदाची संपावी म्हणून.

आणि नेमकं त्याच वर्षी तिचं पहिलं प्रभुभोजन आलं, चर्चमध्ये प्रभूच्या आठवणीनं पाव घेण्याचा विधी.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत एक जुनी रीत होती. पहिल्या प्रभुभोजनाला बसणारी मुलं सगळ्यांसमोर रांगेत उभी राहत. धर्मगुरू, म्हणजे पाळक, प्रत्येकाला विचारत, "तुझ्या मनात कुणाविषयी राग आहे का?" मुलानं म्हणायचं, "नाही. मी सर्वांना क्षमा केली आहे." मग पाळक म्हणत, "ये," आणि मूल पुढे प्रभूच्या मेजाशी जाऊन पावाचा तुकडा घेई. आजवर प्रत्येक मुलानं हेच उत्तर दिलं होतं. ठिणगीच्या आईनंही दिलं होतं, बाबांनीही. काकानंही.

ठिणगीला त्या मेजाशी जायचं होतं. मुलांनो, हे नीट लक्षात घ्या, नाहीतर तुम्हाला वाटेल ही नुसती हट्टी पोर होती. तिला मनापासून जायचं होतं. इतके दिवस देवाशी बोलणं नव्हतं आणि तिला ते सलत होतं. जिवलग मैत्रिणीशी अबोला धरल्यावर सलतं ना, तसं. पण वाट एकच होती आणि त्या वाटेवर दारातच खोटं बोलावं लागणार होतं.

प्रभुभोजनाच्या रविवारच्या आदल्या दिवशी दुपारी आई काउंटरवर कपड्यांना चिठ्ठ्या टाचत होती. बाबा प्रेसवर होते. काका एक मोठं खोकं घेऊन आला आणि त्यानं ते ठिणगीसमोर ठेवलं.

"उघड. पांढराशुभ्र फ्रॉक आहे. उद्या परी दिसशील परी!"

"मला नको."

"बघ तरी! वहिनी, हिचा पारा आज पण चढलेलाच का?"

"भाऊजी, तुम्हीच सांगा हिला. सकाळपासून उत्तर म्हणून दाखव म्हणतेय, तर तोंड शिवून बसलीय."

काकानं गळा खाकरला, छाती पुढे काढली आणि पाळकांचा जड आवाज काढला. "बालिके! तुझ्या मनात कुणाविषयी राग आहे का?"

"आहे."

"अरे बापरे! कुणाविषयी?"

"तुला माहितीये."

काका हसला, पण हसू ओठांवरच अडकलं. मागे प्रेसचं झाकण खाली आलं, वाफ फुसफुसली. बाबांनी मान वर केली नाही.

"अगं वेडे," काका आवाज मऊ करून म्हणाला, "माझ्याकडे बघ आणि म्हण, क्षमा केली. मला पण बरं वाटेल."

"तू मागितलीस का? बाबांकडे?"

"मी देवाकडे मागितली. त्यानं केली. मग तू कोण टिकोजीराव लागून गेलीस?"

"देवाचा हात भाजला होता का?"

आईच्या हातातली टाचणी खाली पडली. "ठिणगे! जीभ आवर!"

"का आवरू? मी एकटीच खरं बोलतेय म्हणून?"

"बघा वहिनी, बघा. ही तुमची शिकवण," काका म्हणाला. खोकं तिथंच टाकून, चेहरा लालबुंद करून, तो दुकानाबाहेर पडला. बाहेर उभ्या दुकानाच्या व्हॅनचं दार त्यानं असं आपटलं की काउंटरची काच थरथरली.

आई ठिणगीजवळ आली. आधी वाटलं, मारते की काय. पण तिनं फक्त मुलीचं मनगट धरलं, घट्ट. "दोन वाक्यं आहेत गं. दोन वाक्यं म्हण आणि मोकळी हो. सगळ्या मंडळीसमोर नाक कापून घेऊ का मी?"

"खोटं म्हणू? देवासमोर?"

"देव समजून घेतो."

"मग खरं सांगितलं तर का नाही समजून घेणार?"

आईला राग आला होता, आणि तोही खरं म्हणजे ठिणगीवर नव्हता. ती मनगट सोडून फणफणत वर निघून गेली.

थोड्या वेळानं दुकानाचं दार ढकलून पाळकसाहेबच आत आले. अंगानं भारी, चालणं डुलत डुलत, काखेत पांढरा झगा गुंडाळलेला. "उद्या सकाळी लागेल, बाळ. बाहीला जरा डाग आहे."

"डाग कशाचा?" ठिणगीनं विचारलं. प्रत्येकाला विचारावंच लागे, कारण रक्ताला एक औषध, तेलाला दुसरं, आणि चुकीचं लागलं तर कापड वाया.

"काय माहीत. पडला असेल असाच."

मोठी माणसं "काय माहीत" म्हणतात तेव्हा त्यांना हटकून माहीत असतं, हे ठिणगी काउंटरवर बसूनच शिकली होती. तिनं बाही नाकाशी नेली. "चहा आहे. आणि तुम्ही घरी साबणाची वडी घासलीय. चहावर साबण घासला की डाग पक्का होतो. बाहेर पाटी लावलीय ना, 'डाग घरी घासू नका' म्हणून?"

"वाचली होती गं पाटी. पण लाज वाटली. म्हटलं, निदान थोडा तरी पुसट करून न्यावा."

"चहा सांडला तर त्यात लाज कसली?"

पाळकसाहेबांनी प्रेसकडे पाहिलं, मग दाराकडे. "सांडला नाही. कप फेकला मी. भिंतीवर. झगा तिथंच खुंटीला होता."

"का?"

"बहिणीचा फोन आला होता. आमचं जुनं भांडण आहे. तिचा आवाज ऐकला की अजून माझं डोकं फिरतं."

"पाळक असून?"

"पाळक असून."

ठिणगीनं झगा काउंटरवर ठेवला. तिला हसू यायला हवं होतं, पण आला संताप. "आणि उद्या तुम्हीच आम्हाला विचारणार, राग आहे का म्हणून? तुम्हाला कोण विचारतं?"

"कुणी नाही."

"विचारलं तर काय म्हणाल?"

त्यांनी काउंटरवरच्या झग्याची घडी उगाच सरळ केली. ठिणगी मात्र आता थांबणारी नव्हती. "मी देवाकडे काय मागत होते, सांगू? काकाचा हात भाजू दे. रोज मागत होते. का, ते विचारू नका, मला सांगायची बंदी आहे. मग मला भीती वाटली आणि मी बोलणंच सोडलं. आता नुसतं पाठ केलेलं म्हणते."

पाळकसाहेब उंच स्टुलावर बसले. स्टूल करकरलं. बाबांच्या वळत नसलेल्या बोटांकडे त्यांची नजर एकदा जाऊन आली.

"वाईट मागत होतीस," ते म्हणाले. "फार वाईट. पण ते खरं तरी होतं. बोलणं सोडायला नको होतंस तू. कदाचित देवालाही काही म्हणायचं असेल."

"म्हणजे काय म्हणायचं असेल?"

"मला काय ठाऊक? भांडण तुझं आणि त्याचं."

"मग उद्या मी 'आहे' म्हटलं तर मला मेजाशी येऊ द्याल?"

इथं पाळकसाहेब अडखळले. हातातली टोपी त्यांनी उगाच गोल फिरवली. "आजवर तसं कुणी म्हटलं नाही. चर्चची कारभारी मंडळी ऐकायची नाहीत... रीत आहे, बाळ."

"म्हणजे नाही."

"मला खरंच माहीत नाही."

"मग विचारता कशाला?" ठिणगी इतक्या जोरात ओरडली की रस्त्यावरचा एक माणूस थबकला. "एकच उत्तर चालणार असेल तर प्रश्न विचारायचा कशाला? सरळ म्हणा ना, खोटं बोला आणि आत या!"

पाळकसाहेब उठले. झग्याची चिठ्ठी न घेताच ते निघून गेले.

प्रेस थांबला. बाबा पुढे आले, झगा उचलून उजेडात धरला, बाही उलटी करून पाहिली. "पूर्ण नाही जायचा हा," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही तरी काहीतरी बोला!"

बाबा बाहीवर औषध टिपत राहिले. टिपता टिपताच म्हणाले, "उद्या तुला वाटेल ते म्हण."

तुम्हाला वाटेल, ठिणगीला बरं वाटलं असेल. मुळीच नाही. वाटेल ते म्हण म्हणे! स्वतः एवढे दिवस गप्प बसायचं आणि बोलायला पोरीला पुढे करायचं! ती धडधड जिना चढून वर गेली आणि उशीवर बुक्क्या मारत बसली.

रविवारी तिनं खोक्याला हात लावला नाही. उसवून लांब केलेला जुना निळा फ्रॉक घातला. आईनं पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि वेणी जरा जास्तच ओढून घातली.

चर्च भरलेलं होतं. बाकांवर लोक खांद्याला खांदा लावून बसले होते. काका मधल्या बाकावर, बाबांच्या शेजारी. पांढऱ्या कपड्यांतल्या मुलांच्या रांगेत ठिणगी एकटी निळी. पाळकसाहेबांच्या बाहीवर मनगटाजवळ फिकट तपकिरी डाग अजून दिसत होता.

"तुझ्या मनात कुणाविषयी राग आहे का?"

"नाही. मी सर्वांना क्षमा केली आहे."

पुढचा मुलगा इतका घाबरला होता की प्रश्न पुरा व्हायच्या आतच त्यानं "नाही, नाही!" म्हणून टाकलं. लोक हसले. मग एक मुलगी, मग आणखी एक. नाही. नाही. पाळकसाहेब ठिणगीसमोर आले.

"तुझ्या मनात कुणाविषयी राग आहे का?"

बाकावरून काका ओठांनी, आवाज न करता, तिला उत्तर सांगत होता. क्ष-मा के-ली आ-हे. जणू ती विसरली होती! ते बघितलं आणि ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आहे," ती म्हणाली.

बाकांवरची सगळी डोकी एकदम तिच्याकडे वळली.

"खूप आहे. मी क्षमा केलेली नाही. मला येतच नाही करायला. मी वाईट पण मागितलंय देवाकडे." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "पण मला यायचंय. मला तरीही यायचंय."

पुढच्या बाकावरचे मुख्य कारभारी घाईघाईनं उठले. "पाळकसाहेब, मुलीची तयारी झालेली दिसत नाही. पुढच्या वर्षी घेऊ हिला."

"मग मलाही पुढच्या वर्षीच घ्या!" पाळकसाहेब गरजले. इतकी वर्षं त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्यांनी बाही वर धरली. "हा चहाचा डाग आहे. सख्ख्या बहिणीच्या रागानं मी कप फेकला, त्याचा. आणि मी दर वर्षी इथं उभा राहून पोरांना विचारतो! पाठ केलेलं ऐकतो आणि खूश होतो! कुणासाठी मांडलंय हे मेज? स्वच्छ होऊन आलेल्यांसाठी? मग उठा आणि चला सगळे घरी. माझ्यापासून सुरुवात."

कारभारी उभेच राहिले. तेवढ्यात काका हसतमुखानं उठला. "पाळकसाहेब, मनावर घेऊ नका. मुलगी लहान आहे, तिला काही समजत नाही. मी तिचा काका, मी सांगतो..."

"तू बस खाली."

बाबा बोलले होते. मोठ्यानं नाही. पण सगळ्या चर्चनं ते ऐकलं.

"दादा, मी फक्त..."

"खाली बस म्हटलं ना! तिला सगळं समजतं. आणि काय झालं होतं, ते तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे."

काकाचं हसू गळून पडलं. तो बसला. आईनं पदर तोंडाशी नेला होता. बाबांची मान मात्र ताठ होती आणि खूप दिवसांनी ते खिडकीकडे नाही, समोर बघत होते.

पाळकसाहेबांचा श्वास अजून फुललेला होता. ते मेजापाशी गेले, ताट उचललं आणि ठिणगीकडे वळले.

"ये," ते म्हणाले.

ठिणगी निघाली. पाय आपटत निघाली, कारण राग कुठं गेला नव्हता. काकावरचा होता, बाबांवरचा होता, आईवरचाही होता. एवढ्या लोकांदेखत रडू आलं म्हणून स्वतःवरचाही होता. त्या सगळ्यासकट ती मेजाशी पोचली, गुडघे टेकले आणि पावाचा तुकडा घेतला. मागून कुणीतरी नेहमीची प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांनी ती एका सुरात उचलली.

ठिणगीनं ती म्हटली नाही. तिनं डोळे गच्च मिटले, नाक फ्रॉकच्या बाहीला पुसलं आणि देवाशी भांडायला सुरुवात केली.